आम्ही एका गुणानं पुढे होतो

कबड्डीच्या कोचाला सामना चालू असताना मैदानात पाऊल टाकता येत नाही. हा नियम ज्यानं केला त्याला कोचांची चांगली ओळख असावी. आम्हाला एक खुर्ची देतात, गळ्यात अडकवायला एक बिल्ला देतात आणि आमच्या हातून नुकसान होऊ नये म्हणून चुन्याच्या रेषेबाहेर बसवतात. तरीही आम्ही ते करून दाखवतो.

जळगाव जामोदच्या एका शाळेत मी खेळाचा शिक्षक होतो आणि शाळा सुटल्यावर गावातल्या मंडळाच्या कबड्डी संघाचा कोच. या अंकाच्या संपादकांनी मला माझ्या गाजलेल्या विजयांवर लिहायला सांगितलं होतं. विजयांबद्दल मी आजवर इतक्या ठिकाणी बोललो आहे की त्यांतले काही आता मला स्वतःलाच खरे वाटत नाहीत. म्हणून एका पराभवाबद्दल लिहितो. हा पराभव गेली दहाएक वर्षं शफीक नावाच्या गड्याच्या खात्यावर आहे. तो माझा आहे, आणि माझं वय बघता तो आता माझ्या नावावर करून घेणं बरं.

कोच नेमकं काय करतो, असं लोक विचारतात. पहाटे मुलांना पळवतो, पकडी शिकवतो, कोण काय खातो यावर लक्ष ठेवतो. पण सामना एकदा सुरू झाला की त्याला फारसं काम उरत नाही. त्याला ठेवलेलं असतं ते शेवटच्या पाच मिनिटांसाठी. तोवर गुण कमावायचे असतात. शेवटी, पुढे असाल तर वेळ संपवायचा असतो आणि मागे असाल तर वाचवायचा. एका चढाईला तीस सेकंद मिळतात. पुढे असलेल्या संघाचा गडी समोरच्यांच्या अंगणात जातो, ‘निदान रेषा’ नावाची आतली रेष ओलांडतो, कुणाच्याही हाताला लागणार नाही असा इकडून तिकडे नाचतो आणि रिकाम्या हातानं परत येतो. याला आम्ही वेळ खाणं म्हणतो. बघणाऱ्यांना ते भित्रेपणाचं वाटतं, शिट्ट्या पडतात, पण सामने असेच जिंकले जातात. आमच्याकडे पंजाबराव नावाचा एक गडी होता. आम्ही पुढे असलो की शेवटच्या मिनिटांत त्याच्या डाव्या पायात पेटका येई आणि तो उजव्या पायानं लंगडत बाहेर येई. पंचांनी एकदा हे त्याच्या लक्षात आणून दिलं. तेव्हापासून तो कोणत्या पायात पेटका आणायचा हे मला आधी विचारू लागला.

मला विचारू लागला, हे महत्त्वाचं. मंडळाच्या खोलीत भिंतीवर मी एक वाक्य मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं : ‘डोकं कोचाचं, पाय तुमचे.’ पाहुणे आले की ते वाक्य वाचून मान डोलवत. पायांनी त्याबद्दल कधी मत दिलं नाही.

आता टीव्हीवर व्यावसायिक कबड्डी दिसते. तिथे गुणांचा आणि वेळेचा फळा एवढा मोठा असतो की घरी बसलेल्या म्हाताऱ्यालाही चष्म्याशिवाय वाचता येतो. तरी तिथले कोच हरले की म्हणतात, ‘मुलांनी शेवटी घाई केली.’ जिंकले की म्हणतात, ‘आमचं नियोजन यशस्वी झालं.’ हरतात ती मुलं, जिंकतो तो कोच. ही भाषा त्यांनी शोधलेली नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी आम्ही ती फार आधीपासून बोलत होतो.

आमच्या गावोगावच्या स्पर्धांत असा फळा नव्हता. एका टेबलापाशी गुण लिहिणारा बसे, शेजारी घड्याळवाला, आणि लाउडस्पीकरवाला मधूनमधून गुण सांगे. पण शेवटची पाच मिनिटं लागली की तो गुणही सांगत नसे आणि वेळही. तशी आमच्याकडे रीतच होती. कारण साधं होतं. आपलं गाव एका गुणानं मागे आहे हे कळलं की लोक मैदानात उतरत, आणि मग पंचांना पोलिसांच्या गाडीतून घरी जावं लागे. म्हणून शेवटची पाच मिनिटं साऱ्यांना अंधारात ठेवत. टेबलापाशी जाऊन विचारलं तरी सांगत नसत. गुण आणि वेळ डोक्यात ठेवायचं काम कोचाचं. शिबिरांमधून मी यावर व्याख्यान देत असे. विषय : शेवटच्या पाच मिनिटांचं नियोजन. त्यात एक मुद्दा असा होता की या पाच मिनिटांत कोचानं कोणत्याही कारणासाठी खुर्ची सोडू नये.

शफीक गाद्या भरणाऱ्यांच्या घरातला. बाप कापूस पिंजायचा, मोठा भाऊ गाद्या शिवायचा, आणि हा संध्याकाळी अंगावरचा कापूस झटकत मैदानावर यायचा. दिसायला काटकुळा. पण चढाईला निघाला की समोरच्या सातही जणांचे गुडघे वाकत. बोलायचा कमी. पायांत जे होतं ते होतंच, पण त्याच्याजवळ डोकंही होतं, आणि तीच आमच्यातली अडचण होती.

एकदा खामगावकडच्या एका सामन्यात मी बाहेरून परत ये म्हणून हात केला. त्यानं बघितलं, आला नाही, कोपऱ्यातल्या गड्याला पाय लावला आणि मग आला. त्या एका गुणावर आम्ही जिंकलो. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी त्याला पुढच्या पूर्ण स्पर्धेत राखीव बसवलं.

‘सर, पण आपण जिंकलो ना,’ तो म्हणाला.

‘जिंकलो. पण तू माझं ऐकलं का?’

‘नाही.’

‘मग बस.’

तो बसला. त्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत बाद झालो. शिस्त मात्र शाबूत राहिली, असं मी मंडळाच्या बैठकीत सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात संग्रामपूरला स्पर्धा होती. अंतिम सामना आमचा आणि जानेफळच्या संघाचा. त्या दिवशी एका मोठ्या व्यावसायिक संघाची दोन माणसं नवे गडी हेरायला आली आहेत, अशी बातमी होती. ती कोणासाठी आली होती हे साऱ्या मैदानाला माहीत होतं. शफीकच्या भावानं त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं.

सामना घासून चालला. शेवटच्या पाच मिनिटांची शिट्टी झाली, लाउडस्पीकरवाला रीतीप्रमाणे गुणांबद्दल गप्प झाला, आणि मी बोटांवर मोजू लागलो. आम्ही एका गुणानं मागे होतो. समोर त्यांचे पाच गडी होते. तीनेक मिनिटं राहिली असतील, तेवढ्यात मैदानाच्या टोकाशी गाड्यांची धूळ उठली. प्रमुख पाहुणे आले. त्यांना सकाळपासून यायचं होतं आणि आता लगेच एका लग्नाला जायचं होतं. सामना थांबवावा तर उजेड जाईल, सत्कार थांबवावे तर पाहुणे जातील. आयोजकांनी तोडगा काढला की दोन्ही चालू ठेवायचं. मैदानावर चढाया, व्यासपीठावर शाल-श्रीफळ.

‘आपल्या भागाचे ज्येष्ठ मार्गदर्शक इंगळे सर यांनी व्यासपीठावर यावं,’ लाउडस्पीकर म्हणाला.

मी उठलो.

आता विचार करतो तेव्हा वाटतं, निदान थोडा वेळ घुटमळायला हवं होतं. कुणी ओढून नेलं, नाइलाज झाला, असं सांगायला बरं पडलं असतं. पण मी घुटमळलो नाही. केसांवरून हात फिरवला आणि चाललो. व्यासपीठावर रांग होती, माझ्या पुढे दोन सरपंच होते. माझी पाळी आली, मी मान वाकवली, पाहुण्यांनी शाल टाकली, आणि त्याच क्षणी सारं मैदान ओरडून उठलं. टोप्या उडाल्या. एवढा गजर पाहुण्यांसाठी असेल असं मला वाटलं. थोडासा माझ्यासाठीही असावा.

तो गजर शफीकसाठी होता. मी मान वाकवलेली असताना त्यानं एका चढाईत त्यांचे दोन गडी टिपले होते. आम्ही एकानं मागे होतो, ते एकानं पुढे झालो. त्यांचे मैदानात तीन उरले. त्यानंतर त्यांचा एक गडी आमच्यात येऊन हात हलवत परत गेला. हे सगळं मला नंतर कळलं.

मी खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन खुर्चीशी परत आलो, तेव्हा शफीक पुढच्या चढाईसाठी मधल्या रेषेवर उभा होता. अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ होता. म्हणजे ही शेवटची चढाई. माझ्या हिशेबानं आम्ही अजून मागेच होतो. मी गेलो तेव्हा समोर पाच जण होते, आता तीन होते. ज्याला दोनाची वजाबाकी येते त्याच्या काहीतरी लक्षात आलं असतं. माझं लक्ष शाल घसरू नये याकडे होतं.

राखीव गड्यांत गजानन बसला होता. तो म्हणाला, ‘सर, आपण एकानं पुढं आहो.’

‘चूप बस बे.’

‘नाही सर, शफीकनं आत्ता दोन...’

‘तुले विचारलं का मी?’

तो चूप बसला. शफीक माझ्याकडे बघत होता. त्यानं मनगटावर बोट ठेवलं. म्हणजे, वेळ खाऊ का? मी नारळाचा हात वर केला आणि मूठ हलवली. आमच्यात त्याचा अर्थ एकच होता : आत घुस, गुण आण. त्यानं पुन्हा एकदा मनगटावर बोट ठेवलं. मी पुन्हा मूठ हलवली, या वेळी जरा रागानं.

तेव्हा सुपर टॅकलचा नियम नवा नवा होता. समोर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतील आणि त्यांनी चढाईवाल्याला धरलं, तर त्यांना एकाऐवजी दोन गुण मिळतात. म्हणजे एकानं पुढे असलेला माणूस धरला गेला की एकानं मागे. अशा वेळी लहान मूलही आत घुसत नाही. शफीक घुसला. कोपऱ्यातल्या गड्यानं घोटा धरला, दुसरे दोघं अंगावर पडले. त्यानं मधल्या रेषेकडे हात ताणला, वीतभर कमी पडला. शिट्टी झाली.

इथे आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. त्या सामन्यात माझ्याकडे एक टाइम आउट शिल्लक होता. तो घेतला असता तर घड्याळ थांबलं असतं, मुलं जवळ आली असती आणि कुणीतरी मला गुण सांगितले असते. तो टाइम आउट अजून माझ्याकडे शिल्लक आहे.

गुण लिहिणाऱ्यानं टेबलावरून निकाल सांगितला, तेव्हा मला कळलं काय झालं ते. कळायला आणि लाउडस्पीकरवाला माइक घेऊन माझ्यापुढे यायला एकच गाठ पडली.

‘सर, जिंकता जिंकता हरलो. काय झालं?’

व्यावसायिक संघाची ती दोन माणसं पहिल्या रांगेत होती. शफीक रेषेजवळ बसून गुडघ्यावर पाणी ओतत होता.

मी म्हणालो, ‘मी त्याला वेळ खायला सांगितलं होतं. गड्यानं ऐकलं नाही.’

शफीकनं वर बघितलं, मग पुन्हा गुडघ्याकडे. पाणी ओतत राहिला.

थोड्या वेळानं ती दोन माणसं माझ्याकडे आली. त्यांना एवढंच विचारायचं होतं, ‘मुलगा ऐकतो का?’

मी म्हणालो, ‘खेळ चांगला आहे.’

आमच्या धंद्यात या प्रश्नाला हे उत्तर दिलं की त्याचा अर्थ नाही असा होतो. ते त्यांना कळलं, मलाही कळत होतं. वर मी चेहरा असा केला होता की जणू त्या पोरासाठी शब्द टाकतो आहे. ती माणसं गेली आणि पुन्हा आली नाहीत.

पुढे गावात बोलायची एक तऱ्हाच पडली. ठरलेलं लग्न कुणी ऐनवेळी मोडलं, भरल्या ताटाला कुणी लाथ मारली, तर लोक म्हणत, ‘शफीक केलं बे तुनं.’ काही जण आणखीही काय काय म्हणाले. कोणत्या घरातला आहे, कुणाकडून फुटला असेल, असलं. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. एक वाक्य बोललो असतो तर ती तोंडं बंद झाली असती. मी चहा पीत राहिलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. पण शिबिरातल्या व्याख्यानाला मला एका उदाहरणाची गरज होती. कोचाचं न ऐकल्यानं संघाचं काय होतं, याचं. मी ते सांगू लागलो. पहिल्या वेळी जीभ अडखळली. मग सराव झाला. मग त्यात मी थोडे बारकावे घातले, मनगटावर बोट ठेवणारा मी झालो आणि मूठ हलवणारा तो. काही शिबिरांनंतर मला खरोखरच तसं आठवू लागलं.

एका वर्षी शिबिर आमच्याच शाळेत होतं. मुलांची झोपायची सोय शाळेत केली होती आणि गाद्या भाड्यानं आणल्या होत्या. मी वर्गात ती गोष्ट रंगवून सांगत होतो. ‘आणि त्या शहाण्यानं,’ मी म्हणालो, ‘माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही!’ मुलं हसली. तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं. शफीक उभा होता. दोन्ही खांद्यांवर गुंडाळलेल्या गाद्या, मान वाकडी झालेली. किती वेळ उभा होता कोण जाणे.

‘सर,’ तो म्हणाला, ‘गाद्या कुठं टाकू?’

मी हातानं कोपरा दाखवला. त्यानं टाकल्या, मोजून दिल्या आणि गेला. मी व्याख्यान पूर्ण केलं. टाळ्या पडल्या.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. सगळं नाही, पण तिला बाकीचं समजलं. ती मूळची जानेफळची, त्यामुळे त्या सामन्याबद्दल तिचं मत माझ्यापेक्षा वेगळं असणारच, असं म्हणून मी तिला नेहमी गप्प करीत असे. त्या दिवशी ती गप्प झाली नाही.

‘त्याच्या हातच्या गादीवर झोपता तुम्ही,’ ती म्हणाली. ‘झोप कशी लागते तुम्हाले?’

झोप लागत होती, हेच वाईट होतं. ती त्यानंतर लागेनाशी झाली. तरी मी तोंड उघडायला पुढची काही वर्षं घेतली. वेळ खाण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

मागच्या वर्षी मंडळानं मुलींचा संघ काढला. या मुली रोज संध्याकाळी मैदानावर येत आणि त्यांना शिकवणारा माणूस होता शफीक. त्याला कुणी नेमलेलं नव्हतं. दुकान बंद करून तो यायचा. मुलींच्या घरच्यांनी मंडळाला अर्ज दिला, यालाच कोच म्हणून रीतसर नेमा. बैठक बोलावली. मंडळाचे अध्यक्ष मधुकरभाऊ, जिनिंगवाले. सचिव गजानन. होय, तोच राखीव गडी. आणि सल्लागार म्हणून मी. शफीक बाहेर ओट्यावर बसला होता.

मधुकरभाऊंनी सुरुवात केली. ‘पोरगा कामाचा हाये, नाही असं नाही. पण जो कोचाचं ऐकत नव्हता, तो कोच काय होईन? संग्रामपूरचं सगळ्याईले माहीत हाये. उद्या पोरी म्हणतीन, तुम्ही तरी कुठं ऐकलं होतं? काय सर?’

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या एका शब्दावर ते होतं. मी उभा राहिलो आणि सांगितलं. व्यासपीठ, शाल, चुकलेला हिशेब, मूठ, माइकवरचं वाक्य, त्या दोन माणसांना दिलेलं उत्तर. काही राखलं नाही.

बोलून झालं. मग मधुकरभाऊंचे डोळे पाणावले.

‘सर,’ ते म्हणाले, ‘याले म्हणतात मोठेपण. चेल्यासाठी गुरूनं बदनामी आपल्या डोक्यावर घेतली. आजकाल कोण करते एवढं?’

‘अहो भाऊ, मी खरं सांगतोय.’

‘तेच तं. किती खरं वाटून राह्यलं!’

मी म्हणालो, माझ्यावर विश्वास नसेल तर गजाननला विचारा, तो बाकावर होता. सगळ्यांनी गजाननकडे बघितलं. गजाननानं अध्यक्षांकडे बघितलं.

‘मी राखीव होतो भाऊ,’ तो म्हणाला. ‘राखीव गड्याले काय दिसते?’

‘तू मला म्हणाला नव्हतास, सर आपण एकानं पुढं आहो?’

‘म्हटलं असन. तुम्ही चूप बस म्हटलं, तं मी चूप बसलो. तवापासून चूपच आहो.’

मी खोटं बोलत होतो तेव्हा या माणसांनी माझा एक शब्द कधी पारखून घेतला नव्हता. आता खरं बोलतोय तर साक्षीदार लागत होते. शेवटी मी स्वतः दार उघडून शफीकला आत बोलावलं आणि म्हणालो, ‘यांना सांग, मी मूठ हलवली होती की नाही.’

शफीक दारातच उभा राहिला. म्हणाला, ‘जाऊ द्या ना सर. कायले?’

‘सांग.’

‘हलवली होती. दोन डाव.’

‘घ्या!’ मी मधुकरभाऊंना म्हणालो. ‘माझा हिशेब चुकला. त्याला काय ठाऊक आम्ही पुढे आहोत ते!’

‘ठाऊक होतं सर,’ शफीक म्हणाला.

‘काय?’

‘आपण एकानं पुढं होतो. दोन गडी म्याच तं मारले होते. समोर तीन होते, धरलो गेलो तं हरतो, तेही ठाऊक होतं. म्हणून तं तुम्हाले दोन डाव विचारलं.’

गजानन आता बोलला. ‘मंग काऊन गेला बे?’

शफीकनं भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर सोपं झालं असतं.

‘त्याच्या आधी न ऐकून जिंकलो होतो, तं सरनं बसवलं होतं. म्हटलं, ऐकून हरू. बसवणार तं नाहीत.’

मी खाली बसलो. इतकी वर्षं मी एका चुकलेल्या बेरजेचं ओझं वाहत होतो. त्या खोलीत कळलं की बेरीज ही त्यातली सगळ्यात लहान चूक होती. शहाणा गडी डोळ्यांदेखत हरायला गेला, कारण जिंकण्यापेक्षा मला भिणं त्याला शिकवलं होतं, आणि ते मी नीट, मन लावून, पहाटे उठून शिकवलं होतं.

मधुकरभाऊंना मात्र यातून वेगळंच सापडलं. ते उठून उभे राहिले. ‘म्हणजे हरतो हे माहीत असून कोचाचा शब्द मोडला नाही! अरे, असा आज्ञाधारक माणूस मिळते का आजकाल? करा रे नेमणूक!’ सगळ्यांनी हात वर केले. शफीकला ज्या गोष्टीसाठी कोच केलं, ती त्याच्या हातून घडलेली सगळ्यात वाईट गोष्ट होती. मी तोंड उघडणार होतो. शफीकनं डोळ्यांनी मला नको म्हटलं. या वेळी मी ऐकलं.

नेमणूक झाल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते भिंतीवरच्या माझ्या वाक्यावर चुना मारण्याचं. मला विचारून मारला. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर थोडं लागलं. अक्षर फार चांगलं आलं होतं.

गेल्या महिन्यात मुलींचा सामना बघायला गेलो. शेवटच्या मिनिटात आमच्या मुली एकानं मागे होत्या. चढाईला निघालेल्या वैष्णवीनं बाहेर बघितलं. शफीक खुर्चीत मागे टेकून शेंगा सोलत होता.

‘सर, काय करू?’ ती ओरडली.

‘मले काय विचारतं? उभी तू हायेस तिथं.’

ती गेली. उजव्या कोपऱ्यात उतावीळपणानं पाय टाकला आणि धरली गेली. हरलो. मागे बसलेला एक जण म्हणाला, ‘इंगळे सर असते तं ओरडून सांगतलं असतं.’ मी मागे वळून त्याला म्हणालो की हो, नक्कीच सांगितलं असतं.

मग मी उतरून मुलींकडे गेलो. धीराचे चार शब्द बोलावेत, असा विचार होता. हरल्यावर माझे गडी माझ्यापुढे मान खाली घालून ओळीनं बसत आणि मी काय बोलतो याची वाट बघत. त्या शांततेला मी शिस्त म्हणत असे. या मुली गोल करून बसल्या होत्या आणि सातही जणी एकदम बोलत होत्या. तुला बोनस घ्यायचा होता, नाही ग, बोनसला समोर सहा लागतात, त्या सहा नव्हत्याच, मग डावीकडून काऊन नाही गेली, डावीकडची ती उंच होती ना. वैष्णवी मधे उकिडवी बसून बोटानं मातीत रेघा ओढत होती. ही मधली रेष, ही निदान रेषा, ही उंच पोरगी, ही मी. शफीक बाजूला उभा होता आणि एका शब्दानं मधे पडत नव्हता. मी घसा खाकरला. कुणी वर बघितलं नाही. जरा पुढे सरकून पुन्हा खाकरला.

वैष्णवीनं माझ्या चपलेवर टिचकी मारली.

‘आबा, पाय काढा ना जरा. रेष पुसून राह्यली.’

मी पाय काढला.